लिनक्स मिंट: मोंढ्यातलं दुकान अन घर, दोन्हीकडं वापरून

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटरवर टाकायची सिस्टिम. तिची २२ ची मालिका, त्यातली एक्सएफसीई नावाच्या साध्या डेस्कटॉपवाली हलकी आवृत्ती. परभणीच्या नव्या मोंढ्यात आमचं बी-बियाणं, खत, औषधाचं दुकान आहे, तिथल्या काउंटरच्या मशीनवर आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवर गेल्या दिवाळीपासून हेच चालू आहे. माल म्हणून बघितलं तर एक नंबर. पण शेजारच्या दुकानदाराला "तुम्हीपण टाका" म्हणून सांगताना जीभ अडखळते, आणि ते का अडखळते तेच सांगायला एवढं लांबलचक लिहायलोय, कारण नेटवर जे रिव्ह्यू सापडतात ते एकतर पुण्या-बंगळुरूच्या इंजिनियर पोरांनी लिहिलेले असतात नाहीतर "विंडोज मेलं, लिनक्स आलं" टाईपचे, आणि दोन्हीमधी हिशेबाच्या टॅलीचं नाव निघत नाही, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं निघत नाही, मुनीमजींचं तर नाहीच नाही.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनक्स म्हणजे मूळ गाभा, तो लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मधी फिनलंडमधी कॉलेजला असताना लिहायला घेतला. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच आहे, आणि २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत झाडून सगळे त्याच्यावरच चालतात. त्या गाभ्यावर डेबियन, डेबियनवर २००४ मधी उबंटू, अन उबंटूवर २००६ मधी मिंट, अशी वंशावळ. कोड उघडा आहे, कुणीही बघावा, बदलावा, वाटावा. पैसे नाहीत, लायसन की नाही, मुदत संपली म्हणून स्क्रीनवर पाट्या नाहीत.

आम्ही याच्याकडं वळलो ते काही हौस म्हणून नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला रामराम केला, म्हणजे बरोबर लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी. जादा सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, पण ती नुसती मुदतवाढ. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो अन टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, आमचं काउंटरचं मशीन चौथ्या पिढीचं आय थ्री, ४ जीबी रॅम, म्हणजे दारातच अडवलं. नवीन मशीन घ्यावं म्हणलं तर ते वर्ष कसं गेलं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, सप्टेंबरच्या पावसानं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, शेतकऱ्याकडंच काही राहिलं नाही तर आमच्या उधाऱ्या कुठून येणार. अशा टायमाला चांगलं चालणारं मशीन फक्त कंपनीची तारीख संपली म्हणून भंगारात टाकायचं मनाला पटेना. एक २४० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागची जलद डिस्क, बसवली, मिंट टाकलं, अन तेच मशीन आता मोबाईलसारखं पटकन उघडतंय. यातलं निम्मं श्रेय एसएसडीचं आहे हे पण सांगतो, उगीच सगळं मिंटच्या नावावर खपवणार नाही.

आता मुद्द्याचं. लिनक्सवाले जिथं तिथं "फुकट आहे, फुकट आहे" म्हणून सांगत बसतात. अरे पण इथं विंडोजला पैसे दिलेत कुणी? एक पोरगं येतं, फॉरमॅट मारतं, ऑफिस टाकतं, मराठी फॉन्ट टाकतं, कसला तरी ॲक्टिव्हेटर चालवतं अन पाचशे रुपये घेऊन जातं, आणि दुकानदाराला वाटतं हे पाचशे म्हणजेच विंडोजची किंमत. त्याच्यापुढं जाऊन तुम्ही फुकट म्हणलात की त्याचा पहिला प्रश्न, "फुकट कामून?" आमच्या आबांनी तर तोंडावर सांगितलं, "फुकटाचं बियाणं कोण पेरतंय रे, उगवलं नाही तर भांडायचं कुणाशी?" आणि आबांचं चूक नाही. पिशवीवर लॉट नंबर असतो, पावती असते, उगवण झाली नाही तर कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार करता येते, पंचनामा होतो. फुकट मालाला हे काहीच नसतं असा माणसाचा पक्का समज आहे. म्हणून धंदेवाल्याला लिनक्स गळी उतरवायचं असेल तर फुकट हा शब्द पहिल्या अर्ध्या तासात काढूच नये, असं माझं स्पष्ट मत.

मग काढायचं काय? पेनड्राइव्ह. खरंच. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलेला पेनड्राइव्ह म्हणजे काय असतं माहितीये ना, सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले, आतला डेटा गायब, अन तो विंडोजला लावून चुकून शॉर्टकटवर क्लिक केलं की मशीनपण बाधलं. तोच पेनड्राइव्ह मिंटला लावला की लपवलेली मूळ फोल्डरं जिथल्या तिथं दिसतात, अन ते शॉर्टकट नुसते मेल्यासारखे पडून राहतात, कारण ते विंडोजसाठी लिहिलेले. शेजारच्या दुकानदाराचा पेनड्राइव्ह असाच साफ करून दिला तेव्हा तो पहिल्यांदा खुर्ची ओढून बसला अन म्हणला, "हे काय टाकलंय रे तू मशीनला?" तिथून बोलणं सुरू झालं. विचारसरणी, स्वातंत्र्य, कोड उघडा असणं, हे सगळं खरंय अन मला पटतंपण, पण मोंढ्यात ते ऐकायला कुणाला वेळ नाही.

टाकायला सोपं आहे. तीन जीबीच्या आतबाहेर फाईल उतरवायची, पेनड्राइव्हवर चढवायची, त्यावरनं मशीन चालू करायचं. इथं एक लई चांगली सोय आहे, हार्डडिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरनंच सगळं चालवून बघता येतं. वायफाय धरतं का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, सगळं आधी तपासा, मग टाका. जुन्या लॅपटॉपचं वायफाय पहिल्या झटक्यात नाही धरलं तर मोबाईल केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच मिळतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून त्याला शोधू द्या. कमीत कमी २ जीबी रॅम मागतं, ४ असेल तर बरं. एक्सएफसीई दिसायला जरा जुन्या वळणाचं आहे, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, पण आमच्यासारख्याला तेच पाहिजे होतं, विंडोज सेव्हनवर हात बसलेल्या माणसाला कुठं काय आहे ते विचारावं लागलं नाही. मशीन नवं असेल, रॅम भरपूर असेल तर सिनॅमन वाली आवृत्ती घ्या, ती जास्त देखणी आहे.

अपडेटचं मला सगळ्यात आवडलं. कोपऱ्यात छोटी ढाल दिसते, नवीन काही आलं की सांगते, पण तुम्ही म्हणाल तेव्हाच टाकते, मधीच मशीन बंद करून टक्केवारी दाखवत बसत नाही. २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. वर टाईमशिफ्ट म्हणून एक सोय सोबतच येते, सिस्टिमचा फोटो काढून ठेवल्यासारखं, काही बिघडलं की कालच्या जागी परत. भाच्यानं सुट्टीत येऊन कायकाय उचकून ठेवलं होतं, टाईमशिफ्टनं मागं नेलं अन मिटलं. तुमच्या फाईली मात्र तो सांभाळत नाही, तसं सेट केलं तरच, त्यामुळं हिशेबाची बॅकअप वेगळी घ्यायची ती घ्यायचीच.

आता टॅली. इथंच बहुतेक दुकानदार वाचायचं थांबवणार आहेत ते मला माहितीये. टॅली लिनक्ससाठी येत नाही. बिझी, मार्ग, ही हिशेबाची दुसरी सॉफ्टवेअर, ती पण विंडोजचीच. वाईन नावाचा एक थर असतो, त्याच्यावर विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्समधी उघडता येतात, त्याच्यावर टॅलीपण उघडते म्हणून सांगणारे भेटतात. उघडत असेल. पण मार्च एंडला, खतवाल्या कंपनीचा माणूस समोर बसलेला असताना, खातं उघडायचं सोडून वाईन का रुसली ते शोधत बसायचं का? धंद्याचा हिशेब असल्या जुगाडावर ठेवू नये. आम्ही सरळ आतल्या खोलीतलं मुनीमजींचं मशीन विंडोज ११ प्रोवर ठेवलं, टॅली तिथंच, अन काउंटरच्या मिंटवरनं रेमिना नावाचं सॉफ्टवेअर वापरून गरज पडली की त्या मशीनमधी शिरतो. लक्षात घ्या, समोरच्या मशीनला विंडोजचं प्रो लागतं, होमवर बाहेरनं असं शिरता येत नाही. आणि एका वेळी एकच माणूस. मुनीमजी जेवायला गेले की मी इथनं बिल करतो, पण ते आत बसलेले असताना शिरलं की त्यांची स्क्रीन लॉक होते अन आतनं आवाज येतो, "मालक, तुम्हीच शिरायलाव का?"

याला पर्याय नाही असं नाही. ईआरपीनेक्स्ट म्हणून मुंबईत तयार झालेलं, उघड्या कोडचंच सॉफ्टवेअर आहे, जीएसटी सगळं त्यात होतं, झिरोधासारखी कंपनीपण ते वापरते. पण ते चालवायला सर्व्हर लागतो, मांडणी करून द्यायला जाणता माणूस लागतो, अन मुख्य म्हणजे मुनीमजींच्या बोटांना टॅलीची बटणं अशी पाठ आहेत की ते स्क्रीनकडं न बघता व्हाउचर टाकतात, आणि आमचे सीए वर्षाच्या शेवटी टॅलीचीच बॅकअप मागतात. म्हणजे मी एकट्यानं बदलून उपयोग नाही, मुनीम, सीए, सीएच्या हाताखालची पोरं, सगळी साखळी बदलावी लागते. लिनक्स चांगलं करणाऱ्यांनी खिडक्यांच्या कडा गोल करायचं काम जरा बाजूला ठेवून या साखळीकडं बघावं.

जीएसटीचं मात्र घाबरण्यासारखं काही नाही. पोर्टल ब्राउझरमधी चालतं, ई-वे बिल चालतं, मालक एकटाच असलेल्या फर्मला रिटर्न मोबाईलच्या ओटीपीवर भरता येतं, त्यामुळं आमचं भागलं. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सही लागते, तो यूएसबी टोकन लिनक्सवर ओळखीला आणायचं म्हणजे अर्धा दिवस गेला समजा, तसल्यांनी एक विंडोज ठेवावंच. शेतकरी व्हॉट्सॲपवर आधारची पीडीएफ पाठवतो, पासवर्ड टाकून नीट उघडते. डिजिटल सातबारा उघडतो, छापतो. फक्त त्याच्यावरच्या सहीपुढं विंडोजच्या रीडरमधी जी हिरवी खूण दिसते ती मिंटच्या साध्या पीडीएफ दर्शकात दिसत नाही, ती तपासायची असेल तर ओक्युलर नावाचा दुसरा दर्शक टाकून घ्या. व्हॉट्सॲपचं वेगळं सॉफ्टवेअर लिनक्सला नाही, पण मिंटमधी वेब ॲप्स नावाची सोय आहे, तिच्यातनं व्हॉट्सॲप वेबची स्वतंत्र खिडकी बनवली, खाली चिन्ह आलं, पोरांना फरकपण कळला नाही.

प्रिंटर. हा खरा डोकेदुखीचा भाग आहे अन नशिबाचापण. गेल्या काही वर्षातले वायफायवाले प्रिंटर, जे आयफोनवरनं थेट छापतात ते, मिंटला ड्रायव्हर न टाकता दिसतात, काही करायचं नाही. एचपीच्या बहुतेक मॉडेलला एचपीलिप म्हणून तयार पॅकेज आहे. आमचा इंक टँकवाला प्रिंटर नीट चालला. डॉट मॅट्रिक्स एप्सनच्या ९ पिनच्या जुन्या ड्रायव्हरवर चालतो, पण लिबरऑफिसातनं (मिंटमधलं वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर) किंवा ब्राउझरमधनं छापलं की तो अक्षरं अक्षर म्हणून न छापता चित्र म्हणून छापतो, घर्र घर्र घर्र, अन समोरचा शेतकरी म्हणतो राहू द्या पावती, मोबाईलवर टाका. आमच्याकडं एक जुना लेझर पण आहे, कंपनीचं नाव घेत नाही, त्याचा ड्रायव्हर आजच्या मशीनवर बसवता बसवता माझा एक अख्खा रविवार गेला अन शेवटी तो मुनीमजींच्या विंडोजला लावून टाकला. म्हणून माझा सल्ला, मिंट टाकायच्या आधी प्रिंटरचं मॉडेल अन पुढं लिनक्स असं टाकून शोधा. लोक काय शिव्या घालायलेत ते वाचलं की कळतं.

घरचं वेगळं. घरी टॅली नाही, त्यामुळं निम्मं भांडणच नाही. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, तिचा लॅपटॉप तिच्यासमोर बसून, तिला विचारून बदलला, नाहीतर घरात राहायचे वांधे झाले असते. तिच्या जुन्या सगळ्या फाईली युनिकोडच्या (आज सगळीकडं चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमधल्या, प्रश्नपत्रिका, अहवाल, सगळं. विंडोजमधनं त्या फॉन्टच्या फाईली उचलल्या, मिंटमधी फॉन्टच्या फोल्डरमधी टाकल्या, जुन्या प्रश्नपत्रिका जशाच्या तशा उघडल्या. युनिकोडला मात्र गंमत होते. मंगल फॉन्टमधी केलेलं एका पानाचं पत्र इथं दुसऱ्या फॉन्टमधी उघडतं अन खालच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर सांडतात, नेमकी सही अन शिक्का. केंद्रप्रमुखांना पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवायचं, हा तोडगा. एक्सेलच्या साध्या शीट लिबरऑफिसमधी व्यवस्थित चालतात, पण वरनं आलेल्या मॅक्रोवाल्या शीट, ज्यात बटण दाबलं की निकालपत्रक तयार होतं, त्या कधी चालतात कधी नाही. ती त्यासाठी शाळेतलं मशीन वापरते अन मला सांगते, "तुमच्या मिंटला सांगा निकाल लावायला."

लिबरऑफिसबद्दल एक युक्ती. उघडल्या उघडल्या ते जुन्यासारखं दिसतं, छोट्या छोट्या चिन्हांच्या दोन रांगा, अन माणूस घाबरतो. व्ह्यू मेनूत युझर इंटरफेस म्हणून आहे, त्यात टॅब्ड निवडलं की ऑफिससारख्या पट्ट्या येतात. सेव्ह करताना आपोआप वर्ड-एक्सेलच्याच प्रकारात व्हावं हे पण सेटिंगमधी एकदा करून ठेवा. हे दोन बदल मिंटवाल्यांनी पहिल्याच दिवशी विचारून करून दिले असते तर कितीतरी लोक परत गेले नसते. म्हणजे बघा, सगळं आहे, पण तीन दारं उघडल्यावर आहे.

मराठी टायपिंग पण तसंच. इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी असलेला कीबोर्ड, सेटिंगमधनं लगेच मिळतो, तो येत असेल तर प्रश्नच नाही. पण आपल्यातले बहुतेक जण इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिणारे, त्यांना आयबस नावाचं टायपिंगचं सॉफ्टवेअर अन त्याच्यासोबतचं एम१७एन म्हणून पॅकेज शोधून टाकावं लागतं, मग फोनेटिक, गमभन असले प्रकार मिळतात. कुणी सांगितल्याशिवाय नवख्या माणसाला हे सापडणं अवघड. सगळं मिंट मराठीत करून बघितलं, तर मेनू अर्धा मराठी अर्धा इंग्रजी आला, परत इंग्रजी केला. आबांना काही फरक पडत नाही, त्यांना अक्षर मोठं करून दिलं अन यूट्यूबवरचं कीर्तन लावून दिलं की झालं. भाच्याचा मात्र विरोध कायम आहे. स्टीम या गेमच्या दुकानातले बरेच विंडोजचे गेम प्रोटॉन नावाच्या थरावर लिनक्समधी चालतात हे त्याला दाखवलं, पण त्याला पाहिजे व्हॅलोरंट, अन त्या गेमचा चोरपकड्या, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, लिनक्सवर चालत नाही, म्हणून गेमही नाही. गेमिंगसाठी घेत असाल तर आधी तुमचा गेम चालतो का ते बघून घ्या.

आता ते जीभ अडखळायचं कारण. मशीन बिघडलं तर बोलवायचं कुणाला? परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं ढिगानं आहेत, मी चौकशी केली, जवळजवळ सगळीकडं एकच उत्तर, लिनक्स असेल तर आम्ही हात लावत नाही, म्हणाल तर विंडोज मारून देतो. मला स्वतःला थोडंफार येतं, रात्री बसून शोधतो, म्हणून माझं चालतंय. शेजारच्याचं कसं चालणार? तो मला फोन करणार. मग मी बियाणं विकू का त्याचा प्रिंटर लावू? मिंट किती का चांगलं असेना, जोपर्यंत तालुक्याला एक माणूस असा नाही की जो फोन केल्यावर गाडीला किक मारून येतो अन पैसे घेऊन काम करून जातो, तोपर्यंत धंदेवाला याच्यावर भरवसा ठेवणार नाही, अन ठेवूपण नये.

यात गंमत अशी की पैसे तिथंच आहेत. रेड हॅट नावाच्या कंपनीनं नेमकं हेच केलं, कोड उघडा ठेवला अन त्याच्या सेवेचे पैसे घेतले, आणि २०१९ मधी आयबीएमनं ती कंपनी ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. आपला दुकानदार इन्व्हर्टरचं, आरओचं, काट्याचं वर्षाचं मेंटेनन्स भरतोच की, कुरकुरत भरतो पण भरतो. एखाद्या पोरानं "मशीन, मिंट, मराठी कीबोर्ड, तुमचाच प्रिंटर, सगळं लावून देतो, वर्षाला इतके, बंद पडलं तर त्याच दिवशी येतो" असं पॅकेज काढलं तर मोंढ्यातच त्याला दहा-वीस गिऱ्हाईक मिळतील असा माझा अंदाज आहे. आबांचा प्रश्नपण सुटतो, भांडायचं कुणाशी ते ठरतं.

पोरं तयार कशी होणार हा पुढचा प्रश्न. केरळात सरकारी शाळांमधी गेली कित्येक वर्षं कॉम्प्युटर लिनक्सवरच शिकवतात, त्यांच्या काईट संस्थेनं शाळांसाठी स्वतःचं लिनक्स तयार केलंय. आपल्याकडं एमएससीआयटी केलेला पोरगा म्हणजे विंडोज अन एमएस ऑफिस शिकलेला पोरगा. आपल्याच सी-डॅक या सरकारी संस्थेनं बॉस नावाचं लिनक्स काढलेलं आहे, डेबियनवरचं, भारतीय भाषांसकट, पण मोंढ्यात विचारा कुणी ऐकलंय का. वस्तू तयार करायची अन ती पोचवायची कुणाला याचा विचारच नाही, म्हणजे गोदामात माल पडून.

ज्यांची चार-पाच मशीनं आहेत, दाल मिल, जिनिंग, पतसंस्था, कोचिंग क्लास, त्यांनी घाई करू नये. फ्रान्सच्या जाँदार्मरी पोलिसांनी कसं केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी २००५ च्या सुमारास आधी विंडोजवरच ओपनऑफिस (लिबरऑफिस त्यातनंच निघालं) दिलं, मग फायरफॉक्स ब्राउझर अन ईमेलचं थंडरबर्ड दिलं, लोकांचा हात बसू दिला, आणि २००८ पासून खालची सिस्टिम बदलून उबंटू आणायला सुरुवात केली, तोवर माणसाला रोज दिसणारी सॉफ्टवेअर तीच राहिली होती. उलट म्युनिकच्या महापालिकेनं २००३ मधी मोठा गाजावाजा करून लिनक्सवर जायचं ठरवलं, हजारो मशीन नेलेपण, अन २०१७ मधी परत विंडोजकडं यायचं ठरवलं. तिथल्या राजकारणाची कारणं वेगळी असतील, पण मी तरी फ्रेंचांच्या वाटेनं जाईन. आजच तुमच्या विंडोजवर लिबरऑफिस टाका, महिना-दोन महिने त्याच्यात काम करा, जिथं अडतं ते लिहून ठेवा. अडलं नाही तर मिंट.

तर माझे मार्क असे. घरासाठी, जुना लॅपटॉप, ब्राउझर, पीडीएफ, यूट्यूब, पोरांचा अभ्यास एवढंच असेल तर पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क मराठी टायपिंगचा कापला. दुकानाच्या काउंटरसाठी, टॅली दुसऱ्या मशीनवर असेल तर चार. एकच मशीन अन त्याच्यावरच टॅली असेल तर घेऊ नका, शून्य म्हणत नाही पण घेऊ नका. डीटीपी, फ्लेक्सवाल्यांनीपण नको, कोरल या विंडोजच्या डिझाईन सॉफ्टवेअरची फाईल घेऊन गिऱ्हाईक येतं अन तिथं वाद घालून उपयोग नाही. आपले सरकार केंद्र चालवणाऱ्यांनी आधी बोटाच्या ठशाच्या मशीनला लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते कंपनीला विचारावं, मगच पुढचं.

परभणीत कुणाला चालवून बघायचं असेल तर रिकामा ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन दुकानावर या, भरून देतो, त्याचे पैसे नाहीत. प्रिंटरचं मॉडेल लिहून आणा. फक्त मे संपायच्या आत या, नाहीतर मग थेट दसऱ्यानंतर, कारण एकदा मृग लागला अन पाऊस पडला की आमच्या काउंटरसमोर उभं राहायला जागा नसते.